आक्षेपित बिल

१५ जानेवारी २०२४, सोमवार

आज बँकेत माझी किंमत कळली. उणे एक.

चारुताची बी.एस्सी. या उन्हाळ्यात संपेल. पुढं पुण्याला संख्याशास्त्रात एम.एस्सी. करायचं तिच्या मनात आहे आणि तिथली फी माझ्या पेन्शनमधून निघणारी नाही. निवृत्तीचे आलेले सगळे पैसे चिकलठाण्याच्या नव्या फ्लॅटमध्ये घातले, तेही रोख, आणि बांधकामाला पाणी नाही म्हणून बिल्डरनं दिवाळीपासून काम थांबवलंय. तेव्हा शैक्षणिक कर्जाची चौकशी करायला गेलो. तिथं हिमांशू नावाचा पोरगेलासा अधिकारी बसतो. त्यानं माझा पॅन नंबर संगणकात घातला आणि म्हणाला, काका, तुमचा सिबिल स्कोर मायनस वन दिसतोय. म्हणजे मी कर्जबुडव्या आहे का, असं विचारलं. तर नाही म्हणाला. तुम्ही आयुष्यात कधी कर्जच घेतलेलं नाही, त्यामुळं तुमचा काही इतिहासच नाही.

एकतीस वर्षं मी ट्रेझरीत बसून सबंध जिल्ह्याची बिलं तपासली. माझी सही झाल्याशिवाय कुणाचा रुपया हलला नाही. किराणा दुकानात कधी वही ठेवली नाही. सायकल रोख, स्कूटर रोख, लग्नात पद्मजाला घातलेल्या पाटल्या रोख. ज्यानं चार ठिकाणी कर्जं करून ठेवली त्याला म्हणे साडेसातशे, आणि मला उणे एक. शून्यसुद्धा नाही.

हिमांशूचं म्हणणं असं की चारुताच्या नावावर आतापासून थोडा व्यवहार झाला, तर जूनमध्ये कर्जाच्या वेळी उपयोगी पडेल आणि पुढं जन्मभर पडेल. ठीक आहे. माझ्या मुलीला कुणी उणे एक म्हणणार नाही, एवढं मी बघतो.

१९ जानेवारी, शुक्रवार

चारुताच्या नावानं चाळीस हजारांची मुदत ठेव केली आणि त्या ठेवीवर बत्तीस हजार मर्यादेचं क्रेडिट कार्ड तिच्या नावानं मागितलं. सही कुठं करायची एवढंच तिनं विचारलं आणि केली. कार्ड माझ्या कपाटात राहील, हे मी तिथंच सांगून टाकलं.

हिमांशूनं तिच्याकडं बघून नियम सांगितले. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त वापरायचं नाही आणि बिल आलं की तारखेच्या आत पूर्ण भरायचं. उशीर झाला की तो नोंदला जातो. मला राग आला. नियम सांगायचे तर माझ्याकडं बघून सांगावेत. चारुता मात्र लिहून घेत होती, वहीच्या मागच्या पानावर.

३ फेब्रुवारी, शनिवार

नळाला आता नवव्या दिवशी पाणी येतं. नवी पाइपलाइन येणार म्हणून आमच्या सिडकोतले रस्ते दोन वर्षं उकरून ठेवलेत, आणि पाइप नाल्याकडेला ऊन खात पडलेत. टँकर सांगावा तर साठवायला जागा नाही. म्हणून आज जालना रोडवर बद्रीनाथच्या दुकानातून दोन हजार लिटरची टाकी, मोटार आणि जोडणीचं सामान घेतलं. तेवीस हजार सहाशे. पैसे चारुताच्या कार्डावर घातले. तिसऱ्या हिश्श्याचा हिशेब केला तर दहा हजारांच्या वर जायला नको होतं. पण मग बत्तीसची मर्यादा दिली कशाला? इतिहास करायचाच तर जरा वजनदार असावा.

बद्रीनाथ मूळचा पिशोरचा. बोलायला गोड. टाकीखाली सिमेंटचा ओटा करून घ्या म्हणत होता. त्याचा मेहुणा गवंडी असणार. मी चार विटा रचून वर फळी टाकली.

२१ फेब्रुवारी, बुधवार

टाकी तळातून फुटली. अठरा दिवसांत. पहिल्यांदा काठोकाठ भरली आणि टँकरचं सगळं पाणी गच्चीवरून जिन्यात, जिन्यातून खालच्यांच्या दारात. या दिवसांत पाणी वाया घालवलं म्हणून खालच्या आशाबाई माझ्याकडं अशा बघत होत्या की जणू मीच ते ओतलं.

तडक दुकानात गेलो. बद्रीनाथ फोटो बघून म्हणाला, "साहेब, ही फळीवर ठेवायची चीज नाय. बूड सगळं टेकाया पायजे. कंपनी बदलून देत नसती, लई झालं तर माझ्याकडून थोडं कमी-जास्त करू." कमी-जास्त म्हणे. मी ग्राहक आहे, भीक मागायला गेलो नव्हतो. लेखी उत्तर मागितलं, तर हसला.

प्लंबर बन्सी दोनशे रुपयांत चकती लावून देतो म्हणाला. पद्मजा तयार होती. मी स्पष्ट नाही म्हटलं. चकती लावली की पुरावा गेला.

२८ फेब्रुवारी, बुधवार

कार्डाचं बिल आलं. भरण्याची शेवटची तारीख ९ मार्च.

सदोष मालाचं बिल मी जन्मात पास केलेलं नाही, आता करीन का? बिलावर लाल शाईनं 'आक्षेपित' लिहिलं, खाली कारणांची सहा पानं जोडली, टाकीचे फोटो लावले आणि पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्टानं बँकेला परत पाठवलं. प्रत बद्रीनाथला. फार दिवसांनी हाताला बरं वाटलं.

बिल आक्षेपित होऊन परत गेलं की ते जिथल्या तिथं थांबतं, हे आमच्याकडं शिपायालाही ठाऊक असायचं. एका शिपायाच्या विधवेचं, भागूबाईचं, फॅमिली पेन्शनचं बिल मी एका शिक्क्यासाठी तीनदा परत केलं होतं. सात महिने लागले, पण चौथ्यांदा कसं बिनचूक आलं.

११ मार्च, सोमवार

पोचपावती आली, बँकेच्या शिक्क्यासह. तारीख उलटून गेली आणि आभाळ काही कोसळलं नाही.

हिमांशूचा फोन आला. काका, भांडण दुकानदाराशी आहे, बिल बँकेचं आहे. पूर्ण नाही तर निदान किमान रक्कम तरी भरून टाका, आणि तक्रारीसाठी आमचा छापील फॉर्म आहे तो भरा. फॉर्म मी बघितला. त्यात कारणासाठी दीड ओळ जागा आहे. सहा पानांचा माणूस मी, दीड ओळीत काय लिहू? त्याला सांगितलं, पत्र मिळालंय ना, मग पत्राला पत्रानं उत्तर द्या.

२७ मार्च, बुधवार

बँकेचे फोन चारुताला यायला लागलेत. कार्डासाठी तिचाच नंबर दिलेला आहे. काल वर्गात तीनदा वाजला म्हणे. संध्याकाळी ती माझ्यापुढं येऊन बसली. दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेऊन तिनं सव्वीस हजार साठवलेत. ते भरून टाकते म्हणाली. टाकीचं भांडण तुम्ही चालू ठेवा, पण बिल मिटवू.

मी तिला समजावून सांगितलं. आज पैसे भरले की टाकी चांगली होती असं आपण कबूल केल्यासारखं होतं. मग बद्रीनाथ आपल्याला दारात उभं करणार नाही. ती म्हणाली, बाबा, पण कार्ड माझ्या नावावर आहे ना. मी म्हटलं, "नाव तुझं असलं तरी तंटा माझा आहे. एक रुपया भरायचा नाही. माझी शपथ आहे तुला."

ती बरं म्हणाली. आजकालच्या मुलांत एवढं ऐकणारी मुलगी मिळत नाही. पद्मजाला मी तसं म्हणालोही. ती भांडी घासण्यापुरतं पाणी मोजत होती.

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. गुढी उभारली. नळाला पाणी आलं नाही. टाकी गच्चीवर आडवी आहे, पुराव्याला धक्का लागलेला नाही. पद्मजा आणि चारुतानं टँकरचं पाणी बादल्यांनी वर आणलं. माझी कंबर धरली आहे.

१८ एप्रिल, गुरुवार

परवापासून चारुताची शेवटची परीक्षा. आज तिचा फोन मीच घेतला. पलीकडं एक मुलगी, हिंदीत. मी तिला आमच्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख सांगितली. ती म्हणे, "सर, चिट्ठी का मुझे नहीं पता. सिस्टम में चारुता मॅडम का ड्यू दिख रहा है." मी बजावलं की चारुता मॅडम विद्यार्थिनी आहेत, व्यवहार मी केलेला आहे, जे बोलायचं ते माझ्याशी बोला. तर तुमचं नावच इथं नाही म्हणाली आणि फोन ठेवला. सात आठवडे झाले, सहा पानांच्या पत्राला एका ओळीचं उत्तर नाही, आणि वर मी कोण म्हणून विचारतात. आमच्या वेळी आवक बारनिशीत पत्र चढलं की त्याला वाली असायचा.

दुसरं पत्र धाडलं. संदर्भ: आमचे पहिले पत्र. चारुताला परीक्षा होईपर्यंत फोन बंद ठेवायला सांगितलं.

२७ मे, सोमवार

संताप संताप झाला आज. बँकेनं परस्पर मुदत ठेव मोडली. बिल, त्यावरचं व्याज, दंड आणि त्यावर कर असे एकोणतीस हजारांच्या वर कापून घेतले आणि उरलेले चारुताच्या खात्यात टाकले. पत्र नाही, नोटीस नाही, फक्त तिच्या फोनवर संदेश. खरं तर ठेव मोडू असा इशारा देणारे दोन संदेश एप्रिलमध्येच येऊन गेले होते म्हणे, पण तेव्हा फोन बंद होता.

तिसरं पत्र लिहिलं. लिहून झाल्यावर मात्र जरा शांतपणे विचार केला. त्यांचे पैसे त्यांना मिळाले. आम्ही हातानं दिले नाहीत, म्हणजे आमचा आक्षेप कायम. बाकी शून्य. प्रकरण संपलं. थोडा खर्च झाला, पण कर्ज घेऊन फेडलं असा चारुताच्या नावावर इतिहास तर झाला.

१९ जून, बुधवार

चारुता पहिल्या वर्गात पास. पुण्याच्या संस्थेच्या यादीत तिचं नाव लागलं. पहिल्या वर्षाचे दोन लाख चाळीस हजार ५ जुलैच्या आत भरायचे, नाही तर जागा पुढच्या मुलाला. पद्मजानं शिरा केला. आशाबाई पेढे घेऊन आल्या, म्हणजे टाकीचं त्या विसरल्या असाव्यात.

मी सगळी कागदपत्रं फायलीत लावली, वर अनुक्रमणिका केली. उद्या बँकेत.

२० जून, गुरुवार

कर्ज नाकारलं.

हिमांशूनं संगणक आमच्याकडं वळवला. चारुताचा स्कोर पाचशे सदतीस. मार्चच्या रकान्यात उशीर, एप्रिलच्या रकान्यात उशीर, मेमध्ये उशीर. दिवससुद्धा मोजून लिहिलेत. मी विचारलं, यात आक्षेपाचा रकाना कुठं आहे? तो म्हणाला, तसा रकाना नसतो काका. आमची तिन्ही पत्रं शाखेत एका फायलीला लावलेली होती, त्यानं ती दाखवली. नीट टोचलेली. कुणी वाचली की नाही माहीत नाही.

मी आवाज चढवला. तिथली माणसं बघायला लागली. चारुतानं माझी फाईल उचलली आणि बाहेर गेली. मी मागून गेलो तोवर ती रिक्षात बसली होती. मी शेजारी बसलो, ती रस्ताभर बाहेर बघत होती. रडली असती तर मला काही तरी बोलता आलं असतं.

२२ जून, शनिवार

दोन दिवस मी घरात एकटाच बोलत होतो. बँक, दुकानदार, महापालिका, बिल्डर, कुणाला सोडलं नाही. आज जेवताना चारुता म्हणाली, "पैसे होते माझ्याकडं, बाबा. मार्चमध्येही होते."

मी म्हटलं, पण बँकेनं उत्तर द्यायला हवं होतं की नाही?

"ते तुम्हाला कशाला उत्तर देतील? कार्डावर तुम्ही नाहीच आहात. तिथं फक्त मी आहे. फोन मला यायचे. तुम्ही शपथ घातली म्हणून मी भरले नाहीत, आणि सगळीकडं असं लिहिलं गेलं की मी पैसे बुडवते."

ताट तसंच ठेवून ती उठली. मी पद्मजाकडं बघितलं, ती माझी बाजू घेईल म्हणून. ती म्हणाली, "तुम्ही बिल परत करायचात तेव्हा तुमचं काय थांबत होतं? पगार तर एक तारखेला यायचा. ती भागूबाई सात महिने काय खात होती, हे विचारलं होतं का तुम्ही?"

तिचा काय संबंध इथं, असं मी म्हणालो. शिक्का नव्हताच त्या बिलावर. अजूनही म्हणतो, नव्हता. पण ती बाई दर सोमवारी चितेगावहून यायची आणि खिडकीशी उभी राहायची, हे आज दिवसभर डोळ्यासमोरून गेलं नाही. मी तिला बसायला सांगितलं होतं का, ते आठवत नाही.

२४ जून, सोमवार

एकटाच बँकेत गेलो. हिमांशू मला बघून उठून उभा राहिला, बहुधा घाबरून. मी खालच्या आवाजात विचारलं, काही करता येईल का. स्कोर बदलता येणार नाही म्हणाला. जे झालं ते खरंच झालं आहे. फक्त मुलगी विद्यार्थिनी होती, कार्ड वापरणारा आणि न भरणारा दुसराच होता, हे त्या माणसानं स्वतः लिहून दिलं, तर शाखा व्यवस्थापक विशेष बाब म्हणून वरच्या कार्यालयाकडं फाईल पाठवू शकतात. वरचे ऐकतील याची खात्री तो देत नाही.

न भरणारा दुसरा. माझ्यासमोर बसून चोवीस-पंचवीस वर्षांचा पोरगा हे म्हणतो आणि मी मान हलवतो. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाचा रुपया ठेवला नाही त्यानं आता सही करून द्यायची की मी थकबाकीदार आहे. निघताना स्कूटर कुठं लावली होती तेच आठवेना.

२६ जून, बुधवार

काल पत्र लिहायला बसलो. झालं तेव्हा सहा पानं झाली होती. टाकीचा दोष, बद्रीनाथचं उर्मट हसणं, पत्रांना उत्तर न देण्याची पद्धत, शहराचा पाणीपुरवठा, सगळं ओघानं आलं. चूक माझी झाली असेल तर ती या परिस्थितीत झाली, असं शेवटच्या परिच्छेदात होतं. आज सकाळी वाचून मलाच वाटलं, लांब झालं. चार पानं केली. दुपारी दीड पान.

ते दीड पान चारुतापुढं ठेवलं. गेले चार दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. तिनं पेन्सिल घेतली आणि उभ्या उभ्याच वाचायला सुरुवात केली. बद्रीनाथचा परिच्छेद खोडला. टाकीचा खोडला. 'परिस्थितीवशात' खोडलं. 'एक जबाबदार सेवानिवृत्त शासकीय कर्मचारी या नात्याने' हे खोडताना तिनं माझ्याकडं बघितलं, पण पेन्सिल थांबवली नाही. माझी मान गरम झाली होती. कुणी माझ्या कागदावर अशी रेघ ओढलेली मला आठवत नाही.

शेवटी एवढं उरलं: कार्ड माझ्या ताब्यात होते. बिल भरू नकोस असे मी माझ्या मुलीला सांगितले. ती भरायला तयार होती.

शेवटचं वाक्य माझं नव्हतं. ते तिनं स्वतः पेन्सिलीनं लिहिलं होतं. "यात काही चुकीचं आहे का?" असं तिनं विचारलं.

मी दोनदा वाचलं. आक्षेप घेण्यासारखं काही सापडलं नाही. कोरा कागद घेतला, तेवढंच उतरवलं आणि सही केली.

२८ जून, शुक्रवार

व्यवस्थापकांनी पाऊण तास बसवून ठेवलं. पूर्वी मी असा बसलो नसतो. चारुता शेजारी बसली होती, फाईल मांडीवर.

आत गेल्यावर त्यांनी पत्र वाचलं, कागद उलटून मागं काही आहे का बघितलं. आमची जुनी तिन्ही पत्रं त्यांच्यापुढंच पडली होती, जाडजूड.

"एवढंच?" ते म्हणाले.

टाकी माझ्या ओठांवर आली होती. दुकानदारसुद्धा. चारुता माझ्याकडं बघत नव्हती, टेबलावरच्या काचेकडं बघत होती.

"एवढंच," मी म्हणालो.

त्यांनी पेन काढून चारुताच्या अर्जावर कोपऱ्यात काही लिहायला घेतलं. समोरच्याच्या टेबलावरचं उलटं वाचायची मला एकतीस वर्षांची सवय आहे. 'शिफारस' एवढा शब्द दिसला. पुढचं त्यांच्या हाताखाली झाकलं गेलं. त्यांनी अर्ज बंद केला, सोमवारपर्यंत कळवतो म्हणाले, आणि फोन नंबर विचारला. मी तोंड उघडलं होतं. मग मिटलं, आणि चारुतानं तिचा नंबर सांगितला.